कुठलं वाक्य?

गेल्या वर्षी मी एका माणसाला सात दिवसांसाठी गप्प केलं. टेलिग्रामवर ते फार सोपं असतं. नावावर जायचं, मुदत निवडायची, झालं. घाटकोपरहून अंधेरीला जाणाऱ्या मेट्रोत उभ्या उभ्या, असल्फा ते साकीनाका एवढ्या अंतरात माझं काम उरकलं. त्याखाली जी सूचना लिहायची होती तिला मात्र चकाला येईपर्यंत वेळ लागला. चार वेळा खोडून शेवटी मी हे लिहिलं:

‘गटातील वातावरण निकोप व परस्पर आदराचे राहावे या हेतूने एका ज्येष्ठ सदस्यांच्या संदेशांवर सात दिवसांसाठी मर्यादा घालण्यात येत आहे. कृपया सहकार्य करावे.’

ऑफिसात पोचेपर्यंत सरांचा मला वैयक्तिक मेसेज आला होता. दोनच शब्द. ‘कुठलं वाक्य?’

गट पायथन शिकणाऱ्यांचा. घाटकोपर पूर्वेला रविवारी सकाळी भरणाऱ्या एका क्लासातून सुरू झालेला आणि क्लास बंद पडल्यावरही चालू राहिलेला. साडेचारशेच्या आसपास माणसं. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाची मुलं, एक्सेलला कंटाळलेले अकाउंटंट, माझ्यासारखे टेस्टिंगमधले, बदलापूर आणि टिटवाळ्याहून रोज येणारे-जाणारे. भाषा म्हणाल तर रोमन लिपीतली मराठी-हिंदी-इंग्रजी खिचडी. आणि सर. पन्नाशी ओलांडलेले, एका बँकेच्या कम्प्युटर विभागात आयुष्य गेलेले. गटात विचारलेल्या दर तीन प्रश्नांतल्या दोनांची उत्तरं त्यांची असायची. मला पहिली नोकरी लागली ती ज्या प्रोजेक्टच्या जोरावर, त्यातलं एक लूप रात्री साडेअकराला त्यांनीच दुरुस्त करून दिलं होतं. गप्प केलं ते त्यांना.

मी बी.ए.ला मराठी घेतलं होतं. तिथल्या एका बाईंची सवय आठवते. ‘ही कादंबरी भावविवश आहे’ असं कुणी लिहिलं की समासात त्या लाल पेनाने एकच शब्द लिहीत: ‘उदाहरण?’ पानभर मत दिलं असेल आणि कादंबरीतलं एकही वाक्य दाखवलं नसेल तर मार्क अर्धे. सरांचा मेसेज वाचला तेव्हा मला तो समास दिसला.

तेव्हापासून मी हा एक लेखनप्रकार लक्ष देऊन वाचते आहे: कुणाला तरी गप्प करताना, काढून टाकताना किंवा आपणच निघून जाताना प्रोग्रॅमिंगवाल्या लोकांनी लिहिलेला मजकूर. याला साहित्यप्रकार म्हणू नये असं वाटत असेल तर वाचून बघा. त्यात निवेदक असतो, अध्याहृत पात्रं असतात, मौनं असतात, आणि बहुतेक वेळा शैलीचं अपयशही असतं. गेल्या काही वर्षांतले असे तीन मजकूर माझ्या मते या प्रकारातले महत्त्वाचे आहेत. मी त्यांच्याबद्दल लिहिते आहे ते तंत्रज्ञ म्हणून नाही, वाचक म्हणून. आणि चौथा, वर दिलेला माझा, तोही सोडणार नाही.

पहिला मजकूर 12 जुलै 2018 चा. पायथन ही भाषा ज्याने बनवली तो गीडो व्हॅन रॉसम. त्याला गमतीने ‘तहहयात दयाळू हुकूमशहा’ असं पद दिलेलं होतं. गंमत असली तरी अर्थ खरा होता. भाषेत काय घ्यायचं आणि काय नाही यावर शेवटचा शब्द त्याचा. त्या वर्षी वाद पेटला तो एका चिन्हावरून. अपूर्णविरामापुढे बरोबरचं चिन्ह. ते आडवं पाहिलं तर वॉलरसचे डोळे आणि सुळे दिसतात, म्हणून त्याला वॉलरस म्हणतात. या एका चिन्हावर शेकडो ईमेल झाले. निर्णय गीडोच्या बाजूने लागला, कारण निर्णय त्याचाच होता. आणि मग त्याने पत्र लिहून हुकूमशाही सोडली.

त्या पत्राचा सूर दमलेल्या माणसाचा आहे. एका प्रस्तावासाठी इतकं भांडायचं आणि शेवटी इतक्या लोकांना आपला निर्णय नकोसा वाटतो हे पाहायचं, हे पुन्हा करायचं नाही, असं तो सरळ सांगतो. ‘वैयक्तिक कारणांमुळे’ हा आडोसा घेत नाही. आपल्याकडे सोसायटीचा सेक्रेटरी राजीनामा देतो तेव्हा तब्येतीचं कारण असतं, आणि तळमजल्यापासून गच्चीपर्यंत सगळ्यांना पार्किंगचं कारण माहीत असतं. इथे पार्किंगच लिहिलं आहे.

पण मला त्या पत्रात जास्त रस वाटला तो दुसऱ्या एका जागेत. वारस नेमत नाही म्हणून सांगितल्यावर तो पुढच्यांसाठी सुटायचे प्रश्न मोजतो, आणि त्यात एक प्रश्न हाही आहे की कुणाला बाहेर कधी काढायचं. आचारसंहितेचा उल्लेख करून तो म्हणतो की ती पटत नसेल तर आपण होऊन निघून जाणं एवढाच मार्ग उरेल. पदावरून उतरणारा माणूस भाषेच्या व्याकरणाइतकाच माणसांना काढण्याचा प्रश्न मोठा मानतो. त्याचं उत्तर मात्र तो देत नाही. डिसेंबर 2018 मध्ये पाच जणांच्या निवडलेल्या परिषदेचा पर्याय मतदानाने ठरला. एका माणसाचा शब्द गेला, समितीचा आला. समितीची भाषा कशी असते हे पुढे सहा वर्षांनी दिसलं. तिकडे येतेच.

त्याआधी दुसरा मजकूर. 22 नोव्हेंबर 2021. रस्ट या भाषेच्या समूहात शिस्त राखण्याचं काम करणारी जी मॉडरेशन टीम होती तिने एकगठ्ठा राजीनामा दिला, तत्काळ. पत्र लहान आहे. त्याचा आशय असा: कोअर टीम स्वतःखेरीज कुणालाच उत्तरदायी राहिलेली नाही, आणि म्हणून आम्हाला तिच्यावर नियम लागू करता येत नाहीत, याच्या निषेधार्थ आम्ही जातो.

पोलिसांनीच राजीनामा द्यावा तसं ते होतं. पण नक्की काय घडलं? कुणी, कुणाला, काय म्हटलं? पत्र सांगत नाही. तपशील आम्ही देणार नाही, कारण गोपनीयता, अशी त्यांची भूमिका. पहिल्या वाचनात मला याचा राग आला. एवढा मोठा आरोप, आणि समासात बाईंनी लिहिलं असतं ते ‘उदाहरण?’ तसंच रिकामं. जगभरचे वाचक आठवडाभर अंदाज करत बसले. अंदाज बांधायला जागा ठेवली की माणसं ती सर्वांत वाईट गोष्टीने भरतात, हे मुलुंडच्या माझ्या चाळीत वाढलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही.

दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा मत थोडं बदललं. या पत्राने एक वाक्य दाखवलं नाही, पण एक जागा दाखवली: अधिकाराच्या रचनेत अमुक ठिकाणी भोक आहे. ती जागा तपासता येण्याजोगी होती. कोअर टीमवर कुणाचा अधिकार चालतो, हे कागद काढून पाहता येत होतं. पुढे 2023 मध्ये रस्टने कोअर टीमची रचना मोडून वेगवेगळ्या टीमच्या प्रतिनिधींची लीडरशिप कौन्सिल आणली. म्हणजे पत्राने माणसाचं नाव न घेता मुद्दा पोचवला. समीक्षेच्या भाषेत सांगायचं तर त्यांनी उतारा दिला नाही, पण कादंबरीच्या बांधणीतला दोष पानासकट दाखवला. अर्धे मार्क तरी द्यायला हवेत.

आता तिसरा. यावर मी थांबणार आहे, कारण हा मला सर्वांत जास्त छळतो.

टिम पीटर्स हे नाव तुम्हाला माहीत नसलं तरी त्याचं काम तुमच्या खिशात आहे. यादी क्रमाने लावण्याची त्याने 2002 मध्ये पायथनसाठी लिहिलेली पद्धत, टिमसॉर्ट, पुढे जावात आणि अँड्रॉइडमध्येही गेली. पायथनची वृत्ती सांगणारी सूत्रं, ‘झेन ऑफ पायथन’, तीही त्याचीच. वीस म्हणून सांगतात आणि असतात एकोणीस. विसावं गीडोसाठी रिकामं ठेवलेलं. क्लासात पहिल्या दिवशी आमच्याकडून एक ओळ टाइप करून घेतली होती आणि स्क्रीनवर ती सूत्रं उतरली होती. म्हणजे या भाषेत वागावं कसं, हे सगळ्या जगाला सांगणारा माणूस.

2024 च्या उन्हाळ्यात पायथन सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या घटनेत काही बदल मांडले गेले. त्यातला वादाचा होता तो असा: आचारसंहिता मोडणाऱ्या फेलो सदस्याला सर्व सभासदांचं मत न घेता संचालक मंडळाच्या मताने काढता यावं. पीटर्सने यावर लिहिलं. खूप लिहिलं. ऑगस्टमध्ये परिषदेने जाहीर केलं की एका कोअर डेव्हलपरला तीन महिन्यांसाठी निलंबित करण्यात येत आहे. शीर्षकात नाव नव्हतं, पण कोण ते लगेच कळलं.

त्या घोषणेत आक्षेपांची यादी आहे. मी ती पुन्हा पुन्हा वाचली, आणि दर वेळी माझं लक्ष क्रियापदांकडे गेलं. अमुक बोलणं हेतुपुरस्सर दडपण आणणारं ‘मानलं जाऊ शकतं’. भाषा आक्षेपार्ह ‘असू शकेल’ अशी. नाजूक विषय हलक्यावारी नेले. जुन्या वादांवर फार चर्चा केली. कोण मानतं? कुणाला आक्षेपार्ह? वाक्यात कर्ता नाही. आणि ही प्रत्येक गोष्ट ज्या ठिकाणी घडली, तिथे वाचकाला नेणारा दुवा नाही. आरोप वृत्तीचे आहेत, आणि ज्या वाक्यांतून ती वृत्ती दिसली ती वाक्यं वाचकाने हजारोंतून शोधून काढायची.

हा सूर मराठीत आपल्या ओळखीचा आहे. ‘कळविण्यात येते की.’ ‘कारवाई करण्यात येत आहे.’ बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत कुठल्याही सोसायटीच्या फळ्यावर जा, हा कर्मणी प्रयोग चिकटवलेला सापडेल. पाणी ‘बंद ठेवण्यात येईल’. कुणी ठेवलं ते नाही. शाळेत आपण प्रयोग शिकतो ते मार्कांसाठी, पण नागरिक म्हणून त्यांचा खरा उपयोग हा: कर्ता कुठे लपवला ते ओळखता येणं. मीही मेट्रोत उभी राहून ‘मर्यादा घालण्यात येत आहे’ असंच लिहिलं होतं. बोट माझं होतं. ‘मी घालते आहे’ असं लिहायला काय हरकत होती? हरकत अशी की मग पुढचं वाक्य ‘कारण’ने सुरू करावं लागलं असतं.

त्या यादीत एकच कलम असं आहे की ज्यात आकडा आहे. घटनाबदलाच्या त्या चर्चेत, ती बंद केली तोपर्यंत, 177 पैकी 47 संदेश एकट्या पीटर्सचे होते. म्हणजे चौथ्या हिश्श्याहून जास्त. मला हे कलम यादीतलं सर्वांत प्रामाणिक वाटतं. हे मोजता येतं, कुणीही जाऊन मोजावं. आणि त्यामागे जे दुखणं आहे ते खरं आहे: एक माणूस प्रत्येक वळणावर उभा असेल तर बाकीचे बोलायचं सोडतात. एकही शब्द वावगा न बोलता हे करता येतं.

पण परिषदेने तिथे न थांबता पुढे एक पुस्ती जोडली. नंतर झालेल्या मतदानात सर्वांत वादग्रस्त बदलाला 81 टक्के पाठिंबा मिळाला, यावरून तो वाद उगाच फुगवलेला होता हे सिद्ध होतं, असा त्यांचा युक्तिवाद. इथे माझ्यातल्या वाचकाने पेन खाली ठेवलं. ठराव मंजूर झाला म्हणून विरोधात विचारलेले प्रश्न गैर ठरतात का? मग कुठल्याही सर्वसाधारण सभेत अल्पमतातल्या माणसाने तोंडच उघडायला नको. निकाल लागला की त्याचं बोलणं मागाहून गुन्हा ठरणार. शिवाय 81 टक्क्यांतल्या किती जणांनी त्या 47 संदेशांमुळेच बदल नीट समजून घेतला असेल, हे कसं कळणार? आकड्याने आलेलं बळ दुसऱ्या आकड्याने घालवलं.

समितीच्या बाजूनेही बोलायला हवं. हे पाच जण निवडून आलेले, आपापली कामं सांभाळून हे करणारे. आचारसंहिता पाहणाऱ्या गटाने शिफारस केली, त्यांनी अंमल केला. दुवे दिले असते तर दुसऱ्या दिवशी त्या प्रत्येक दुव्यावर हजार माणसं चिखल तुडवायला पोचली असती, आणि जे दुखावले गेले होते ते पुन्हा मध्ये सापडले असते. जून 2023 मध्ये स्टॅक ओव्हरफ्लोच्या मॉडरेटरांनी संप केला. यंत्राने लिहिलेली उत्तरं काढू नका असं कंपनीने सांगितलं, हे त्याचं कारण. तोपर्यंत अनेकांना हे माहीतच नव्हतं की तिथे कचरा उचलणारी माणसं बिनपगारी आहेत. हे काम करणाऱ्यांवर टीका लिहिताना मी हे विसरू नये, म्हणून लिहून ठेवते.

आणि आता सरांचं वाक्य. ते होतं. माझ्याकडे त्याचा स्क्रीनशॉट आहे.

एका मुलीने डिक्शनरीवर एक प्रश्न विचारला होता. प्रश्न साधा होता, थोडा गोंधळलेला. सरांनी उत्तर दिलं, अचूक दिलं, आणि शेवटी एक ओळ जोडली: ‘हे पहिल्या वर्षाला शिकवतात. कॉलेज कुठलं म्हणालीस?’

यात शिवी नाही. आक्षेपार्ह शब्द नाही. कुठलंही यंत्र हे वाक्य पकडणार नाही. ‘वेलकम टू द ग्रुप’च्या सुरातही हाच प्रश्न विचारता येतो. पण मुंबईत ‘कॉलेज कुठलं’ या प्रश्नाला किती पदर आहेत हे आपल्याला माहीत आहे. त्यात स्टेशनचं नाव येतं, कल्याणच्या अलीकडे की पलीकडे हे येतं, फी किती भरली असेल हे येतं, आणि आडनाव आधीच माहीत असेल तर आणखी बरंच काही येतं. शिवाय ‘म्हणालीस’. गटात सर मुलग्यांना ‘मित्रा’ म्हणत, मुलींना ‘तू’ म्हणत. त्यांच्या मनात ते वडीलकीचं ‘तू’ असावं. माझ्याशीही तेच होतं आणि मला ते कधी खुपलं नव्हतं. इंग्रजीत या वाक्याचा निम्मा जीव जातो. तिथे ‘यू’ एकच. आचारसंहिता आपण इंग्रजीतून उचलतो, पण दुखापत मराठीत होते.

रात्री एक वाजून दहा मिनिटांनी तिने मला ‘ताई’ म्हणून मेसेज केला. तिच्या कॉलेजच्या नावावरून असं तिसऱ्यांदा झालं होतं. याच गटात नाही, सगळीकडे मिळून. तिने आपला प्रश्न डिलीट करून टाकला होता. माझं नाव कुठे येऊ देऊ नका, एवढंच तिचं मागणं.

म्हणून सरांना वाक्य दाखवता येईना. ते वाक्य कुणाच्या प्रश्नाखाली होतं हे त्यांना आठवलंच असतं.

इथे माझी ती लाल पेनवाली कसोटी मला अडचणीत आणते. ‘कुठलं वाक्य?’ हा न्यायाचा प्रश्न आहे, पण तो निसटण्याचाही प्रश्न असू शकतो. लेडीज डब्यात रोजचा ग्रुप असतो. नव्या मुलीला कुणी ‘इथे बसू नको’ म्हणत नाही. नुसती पर्स सरकते, गुडघा थोडा पुढे येतो, गप्पा तिच्या डोक्यावरून चालू राहतात. ती कळव्याला चढलेली मुलगी घाटकोपरपर्यंत उभी राहते. तिला विचारा, कुठलं वाक्य? एकही नाही. सुट्टा काढलेला प्रत्येक तुकडा निर्दोष असतो. त्या पाच जणांच्या परिषदेने वृत्तीची यादी केली तीही कदाचित याच अडचणीतून: सुटी वाक्यं दाखवली असती तर प्रत्येक वाक्य फिकट दिसलं असतं.

मराठीत या अडचणीवर एक जुना तोडगा आहे, आणि तो मला अजून आवडतो. 2011 मध्ये सुरू झालेल्या ‘ऐसी अक्षरे’ या संस्थळावर प्रतिसादांना श्रेणी देण्याची सोय आहे. कल्पना स्लॅशडॉटवरून आली असावी हे उघड आहे, पण शब्द पाहा: मार्मिक, माहितीपूर्ण, विनोदी, रोचक, खवचट, अवांतर, निरर्थक, पकाऊ, भडकाऊ, कैच्याकै. यातल्या ‘खवचट’ला इंग्रजी यादीत जागाच नाही. सरांची ती ओळ यांत कुठे बसते? भडकाऊ नाही. निरर्थक तर मुळीच नाही. ती माहितीपूर्ण आणि खवचट अशी दोन्ही एकाच वेळी आहे, आणि सगळी पंचाईत त्या ‘दोन्ही’त आहे. पण निदान इथे शब्द वाचकाच्या बाजूचे आहेत. ‘पकाऊ’ म्हणणारा स्वतःला पकवलं गेल्याचं कबूल करतो. ‘वातावरण निकोप राहावे’ म्हणणारा काहीच कबूल करत नाही.

दुसरा तोडगा अगदी आमच्या वाटेवर आहे, पवईला. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात पायथन, सायलॅब वगैरेंचे दहा-दहा मिनिटांचे धडे आहेत, मराठीतही बरेच आहेत. धड्याबद्दल शंका विचारायची तर तिथला फॉर्म आधी मिनिट आणि सेकंद विचारतो. ‘मला लूप कळलं नाही’ एवढं चालत नाही; धड्यात कुठल्या क्षणी कळेनासं झालं ते बोट ठेवून सांगायचं. हे भांडण मिटवायला केलेलं नाही, शिकवण्याची सोय म्हणून केलं आहे. पण त्यातून एक सवय लागते ती मला मोलाची वाटते. विचारणारा ‘मी ढ आहे’ असं म्हणत नाही आणि उत्तर देणारा ‘तू ढ आहेस’ असं म्हणत नाही. दोघं चौथ्या मिनिटाकडे बघतात. आमच्या क्लासात हे असतं तर ‘कॉलेज कुठलं’ सुचायला जागा कमी मिळाली असती का, हे मी अनेकदा मनात घोळवलं आहे.

आता माझा मजकूर. समीक्षक म्हणून सांगायचं तर तो तिघांपेक्षा वाईट आहे. गीडोने कारण दिलं. रस्टवाल्यांनी जागा दाखवली. पायथनच्या परिषदेने निदान एक आकडा दिला. मी ‘निकोप’ हा शब्द दिला, जो मी आयुष्यात कधी तोंडाने उच्चारलेला नाही. ‘ज्येष्ठ सदस्यांच्या’ असं आदरार्थी लिहून मी दोन्हीकडून सुटू पाहिलं, आणि साडेचारशे जणांना ज्येष्ठ सदस्य कोण ते त्या क्षणी कळलं. म्हणजे मुलीचं नाव लपलं, सरांचं लपलं नाही, आणि त्यांनी काय केलं हे मात्र कुणालाच कळलं नाही. संध्याकाळपर्यंत दोन तर्क फिरत होते. एक पैशांचा होता, दुसरा लिहिण्यासारखा नाही. ती अफवा माझ्या वाक्याने तयार केली. सरांच्या ओळीने जे एकीचं नुकसान केलं त्याहून ते कमी होतं असं मला खात्रीने म्हणता येत नाही.

सरांना मी तिसऱ्या दिवशी फोन केला. मुलीबद्दल न सांगता म्हटलं, सर, कुणालाही कॉलेज विचारू नका. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘मी विचारतो ते कुठल्या सिलॅबसमधून आलाय ते कळावं म्हणून. माझं स्वतःचं कॉलेज रात्रीचं होतं.’ हे मला माहीत नव्हतं. माझ्याकडे त्यावर उत्तर नव्हतं. सात दिवस संपल्यावर ते परत आले नाहीत. महिन्याभराने त्यांच्या काही विद्यार्थ्यांनी वेगळा गट काढला. ऐंशीएक जण तिकडे गेले. ती मुलगी कुठल्या गटात आहे हे मी मुद्दाम पाहिलेलं नाही.

आमच्या गटाची सूचना आता वेगळी आहे. संदेश काढला तर काढणाऱ्याने स्वतःच्या नावाने लिहायचं, ‘मी काढला’. कुठली ओळ, ते द्यायचं. ओळ नसेल आणि नुसता भडिमार असेल तर किती संदेशांपैकी किती, ते मोजून द्यायचं. तक्रार करणाऱ्याने नको म्हटलं तर ओळ द्यायची नाही, पण तसं झालं आहे हे तरी सांगायचं. गेल्या आठ महिन्यांत चार वेळा ही वेळ आली. दोनदा ओळ दाखवली. त्यातल्या एकाने वाद घातला, एकाने माफी मागितली. एकदा आकडा दिला. चौथ्या वेळी तक्रार करणारीने नको म्हटलं.

त्या रात्री मुलुंडला उतरले आणि ब्रिजवरच कडेला उभी राहून लिहायला लागले. ‘मी एक संदेश काढला आहे. ओळ इथे देता येत नाही.’ त्यापुढे काहीतरी हवं असं वाटत राहिलं. बोट कीबोर्डवर होतं, आणि फोनने आपणहून पुढचा शब्द सुचवला, ‘वातावरण’.

तो मी खोडला. दोन वाक्यांवर सूचना पाठवली. अर्ध्या तासात सात जणांनी विचारलं, कुठलं वाक्य?